उसना परिपथ, स्वतःचे अक्षर : घरगुती गिटार-पेडलांच्या पेट्यांवरील लेखन व चित्रण

विषयप्रवेश

विद्युत् गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जोडली जाणारी, पायाने चालू-बंद करावयाची लहानशी पेटी 'इफेक्ट पेडल' अथवा नुसते 'पेडल' या नावाने ओळखली जाते. गिटारमधून निघालेला विद्युत् संकेत या पेटीत शिरतो, आतील परिपथ त्याला फाडतो, दाबतो, लांबवितो वा पुन्हा पुन्हा उमटवितो आणि असा बदललेला संकेत पुढे ध्वनिवर्धकाकडे जातो. अशी पेडले कारखान्यांतून तयार होतात, तशीच ती घरोघरीही तयार होतात. अमेरिका व इंग्लंड येथे घरी पेडल बांधण्याची परंपरा आता अर्धशतकाची झाली आहे. क्रेग अँडरटन यांचे 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, १९८० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. अभियांत्रिकीचे शिक्षण नसलेल्या वादकांनाही डाग कसा लावावा, पेटीला भोक कसे पाडावे, हे त्या पुस्तकाने शिकविले.

या पेडलांच्या ध्वनीवर संगीताच्या अंगाने आणि परिपथांवर इलेक्ट्रॉनिक्सच्या अंगाने विपुल लेखन झाले आहे. पेटीवरील अक्षरे आणि चित्रे मात्र बहुधा 'सजावट' या एका शब्दात आटोपली जातात. यंत्र पूर्ण झाल्यावर हौस म्हणून चढविलेला रंग, असा त्यामागील समज दिसतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. घरगुती पेडलात परिपथ बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. बांधणाऱ्याचे स्वतःचे असे जे काही त्या वस्तूत असते, ते प्रामुख्याने पेटीच्या पृष्ठभागावर असते. म्हणून या वस्तूची समीक्षा करावयाची झाल्यास ती पृष्ठभागापासूनच करावी लागते, आणि तेथे चांगले-वाईट ठरविण्याचे निकषही असू शकतात.

अकरा घटकांचा वारसा

लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेले 'फझ फेस' हे घरगुती बांधणाऱ्यांचे आवडते पेडल होय. जिमी हेंड्रिक्सच्या वादनामुळे ते विख्यात झाले. त्याच्या परिपथात दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन संधारित्रे आणि फिरवून कमी-अधिक करण्याचे दोन रोधक, म्हणजे 'पॉट', एवढेच घटक आहेत. एकूण अकरा. संध्याकाळी जेवण आटोपून बसलेला मनुष्य झोपण्यापूर्वी ते जोडून पुरे करू शकतो. हा परिपथही आर्बिटरने शून्यातून निर्माण केला नव्हता. लंडनच्याच सोला साउंडने त्या काळात काढलेल्या 'टोन बेंडर'च्या एका आवृत्तीशी तो जवळजवळ एकरूप आहे. तेव्हा वारसा पहिल्या पिढीपासूनच उसना आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आर्बिटरचे स्वतःचे होते ते आवरण. आयव्हर आर्बिटर यांना मायक्रोफोनच्या स्टँडचा गोल ओतीव पाया पाहून या पेटीची कल्पना सुचली. गोल पेटीवर वर दोन नॉब, मध्ये पायाने दाबावयाचा स्विच आणि खाली वक्र रेषेत लिहिलेले नाव. दोन डोळे, नाक आणि हसरे ओठ. येथे नाव हे वस्तूवर चिकटविलेले राहत नाही. ते चेहऱ्याचा अवयव होते, आणि 'फेस' हा शब्द लिहिला गेल्यामुळेच पाहणाऱ्याला चेहरा दिसू लागतो. अक्षर काढून घेतल्यास उरतो तो स्टँडचा पाया. आज फझ फेस म्हणून जे स्मरणात आहे, त्यात अकरा घटकांचा जेवढा वाटा आहे तेवढाच या वक्र अक्षररेषेचाही आहे.

मुद्रणपूर्व काळातील पोथीच्या लहियाशी या बांधणाऱ्यांची तुलना करता येते. लहिया संहिता रचीत नसे, ती उतरवून घेत असे. तथापि अक्षराचे वळण, समासातील वेलबुट्टी, लाल शाईने उठविलेली ओळ आणि अखेरीस घातलेली शक-तिथी ही त्याची स्वतःची असत. संहितेच्या अभ्यासकाला लहिया अनेकदा अडचणीचा वाटतो, कारण तो चुका करतो. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला मात्र तोच हवा असतो. पेडलांच्या बाबतीत आजवर पहिल्या प्रकारचाच अभ्यास अधिक झाला आहे.

नॉबचे नामकरण

पेटीवरील चित्र नसले तरी पेडल वाजते, आणि अक्षरे नसली तरीही वाजते. मग अक्षरे कशासाठी? सर्वसामान्य उत्तर असे की, कोणता नॉब काय करतो हे कळावे म्हणून. हे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

ध्वनी किती फाटावा हे ठरविणाऱ्या नॉबचे उदाहरण घेता येईल. गिब्सनच्या १९६२ मधील 'मेस्ट्रो फझ-टोन'वर त्याचे नाव 'अटॅक' असे आहे. टोन बेंडरवरही 'अटॅक'च आहे. फझ फेसवर तोच 'फझ' होतो. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६९ मध्ये काढलेल्या 'बिग मफ'वर त्याला 'सस्टेन' म्हटले आहे. आयबानेझच्या १९७९ मधील 'ट्यूब स्क्रीमर'वर तो 'ओव्हरड्राइव्ह' आहे आणि काही वर्षांनी आलेल्या पुढील आवृत्तीत नुसता 'ड्राइव्ह'. यांतील परिपथ एकमेकांपासून भिन्न आहेत हे खरे, परंतु वादकाच्या हातून होणारी क्रिया साधारण एकच आहे. अटॅक म्हटल्याने स्वराचा आरंभ लक्षात येतो, सस्टेन म्हटल्याने स्वराचा शेवट. एकाच क्रियेचे एक नाव वादकाला आघात ऐकावयास सांगते, दुसरे त्याला टिकलेला स्वर ऐकावयास सांगते. वादक नॉब फिरवितो तेव्हा त्याचा कान त्या शब्दाने आधीच कोठेतरी वळविलेला असतो.

घरी पेडल बांधणाऱ्यापुढे हा प्रश्न अगदी प्रत्यक्ष उभा राहतो. परिपथाची आकृती त्याने दुसऱ्याकडून घेतली असली, तरी त्या आकृतीवरील नाव पेटीवर लिहिलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नसते. तो 'फझ' लिहू शकतो, 'गेन' लिहू शकतो, किंवा दोन ठिपके काढू शकतो, एक लहान व एक मोठा. ठिपक्यांचा हा मार्ग पुष्कळांनी अवलंबिला आहे आणि तो अनेकदा शब्दांपेक्षा प्रामाणिक ठरतो. काही जण नॉबभोवती शून्य ते दहा अंक न घालता फक्त स्वतःला आवडलेल्या स्थानी एक खूण करतात. ती खूण वाचणाराला परिपथाविषयी काही सांगत नाही, पण बांधणाऱ्याच्या कानाविषयी नेमके सांगते. ज्यांनी सर्व नॉबांना विनोदी नावे दिली आहेत, एकाला 'जास्त' आणि दुसऱ्याला 'त्याहून जास्त', त्यांच्याविषयी मात्र एवढेच म्हणावे लागेल की हा विनोद पहिल्या दिवशी खुलतो. तिसऱ्या महिन्यात वादकाला अंधाऱ्या रंगमंचावर वाकून कोणता 'जास्त' कोणता, हे आठवावे लागते.

अक्षर उमटविण्याच्या रीती

लेखनाची सामग्री आणि लेखनाचा आशय यांचा संबंध येथे इतका निकटचा आहे की रीतींचा थोडा तपशील देणे आवश्यक ठरते. कॅनडातील हॅमंड कंपनीची '१५९०बी' ही ओतीव ॲल्युमिनियमची पेटी पेडल बांधणाऱ्यांत सर्वपरिचित आहे. तिची लांबी सुमारे ११२ मिलिमीटर, रुंदी ६० आणि उंची ३१ मिलिमीटर. पेडलासाठी ती उलटी वापरली जाते. चार स्क्रूंचे झाकण खाली जाते आणि मूळचा तळ वरचा दर्शनी भाग होतो. त्यावर दोन-तीन नॉब, एक दिवा आणि स्विच बसविल्यावर लेखनासाठी उरते ती नॉबांच्या अवतीभोवतीची चिंचोळी जागा आणि स्विचच्या वरचा एक चौकोन. भोके आधी पाडावयाची, मग रंग द्यावयाचा. क्रम उलटल्यास ड्रिल रंगाची कड उडविते. म्हणजे अक्षर लिहिण्याच्या वेळी पृष्ठभागाची रचना ठरून गेलेली असते, आणि परिपथाने सोडलेल्या समासातच लिहावे लागते.

१९६० व १९७० च्या दशकांत उपलब्ध असलेल्या रीतींत दोन महत्त्वाच्या होत्या. पहिली डायमोची. या कंपनीने १९५८ पासून हाती धरावयाचे एक यंत्र विकावयास आणले. त्यात रंगीत प्लास्टिकची पट्टी घालून अक्षराची चकती फिरवून दाबले की अक्षर उठून येते. जेथे प्लास्टिक ताणले जाते तेथे ते पांढरे पडते, त्यामुळे शाईवाचून अक्षर दिसते. कार्यालयातील कपाटे आणि प्रयोगशाळेतील बाटल्या यांसाठी योजलेले हे लेखन पेडलावर आले की ते वस्तूला एक तात्पुरतेपणा देते. हे पेडल अद्याप प्रयोगावस्थेत आहे, उद्या नाव बदलेल, असे ती पट्टी सांगत असते. घामाने आणि उष्णतेने पट्टीची टोके सुटतात, आणि तिचे सांगणे खरे ठरते.

दुसरी रीत लेट्रासेटची. १९५९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९६१ पासून कोरडी अक्षरे विक्रीस आणली. पारदर्शक कागदाच्या मागे चिकटलेले छापील अक्षर पृष्ठभागावर ठेवून वरून गोटीने घासावयाचे, की ते कागद सोडून खाली उतरते. ही रीत मूलतः जाहिरात व मुद्रण व्यवसायाची. तिच्यामुळे स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कारखान्याच्या तोडीचे अक्षर मिळाले, आणि घरगुती पेटी कारखान्याच्या पेटीसारखी दिसावी ही आकांक्षाही त्यातूनच बळावली. तरीही हात लपत नाही. अक्षरे एकेक करून उतरवावी लागत असल्याने त्यांमधील अंतर डोळ्याने जुळवावे लागते, आणि बारा अक्षरांच्या शब्दात एक अक्षर किंचित वर सरकलेले असते. एका तावावरील 'ई' संपले की 'एफ'ला खालची आडवी रेघ जोडून काम भागवावे लागते. वरून लाखेचे आवरण फवारताना ते एकदम जाड दिल्यास विद्रावकाने अक्षर विरघळते, म्हणून धुक्यासारखे पातळ थर अनेकदा द्यावे लागतात. नेटके दिसणारे हे लेखन वस्तुतः फार हळू चालणारे हस्तकर्म आहे.

येथे लिपीविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. वरील दोन्ही रीती रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना सोयीच्या आहेत, कारण ती सर्व एका उंचीची व सुटी सुटी असतात. देवनागरीत मात्रा, वेलांटी व अनुस्वार वर जातात, उकार खाली उतरतो. तीन मिलिमीटर उंचीच्या पट्टीत 'तीव्रता' हा शब्द बसवावयाचा तर मूळ अक्षराच्या वाट्याला निम्मीच उंची येते. अक्षरे एकेक उतरवावयाची तर शिरोरेषा जुळली पाहिजे, नाहीतर तुटलेली रेघ लांबूनही डोळ्यात भरते. उलट ब्रशने किंवा लेखणीने लिहावयाचे असेल तर हीच शिरोरेषा मोठा आधार होते. सरळ रेघ आधी ओढावी, अक्षरे तिला टांगावीत. मालमोटारीच्या मागच्या फळीवर लिहिणारे पेंटर नेमके तेच करतात. मराठीभाषक बांधणाऱ्याला पेटीवर मराठीत लिहावयाचे असल्यास त्याने घासून उतरवावयाच्या अक्षरांपेक्षा ब्रशचाच विचार करणे शहाणपणाचे होईल.

पुढे संगणक व छपाईयंत्रे घरात आली आणि पाण्यात भिजवून सरकविता येणारे पातळ छापील कातडे, म्हणजे वॉटरस्लाइड डेकल, प्रचारात आले. कोणताही टंक, कोणतेही छायाचित्र आता पेटीवर चढविता येते. अडचण एकच : घरगुती इंकजेट यंत्राला पांढरी शाई नसते. म्हणून काळ्या पेटीवर पांढरी अक्षरे या मार्गाने येत नाहीत, आणि घरगुती पेडले एका काळात मोठ्या संख्येने फिकट रंगांची दिसतात ती केवळ अभिरुचीमुळे नव्हे. या रीतीची खरी उणीव वेगळी आहे. ती हाताने लिहिल्याचा भास देणारे टंक सहज पुरविते. मुद्दाम वाकडे केलेले, कोठेही न थरथरलेले असे ते अक्षर असते. एकाच शब्दातील दोन 'ओ' तंतोतंत सारखे वाकडे असतात. लेट्रासेटच्या किंचित सरकलेल्या अक्षरात हात दिसतो, या अक्षरात हाताचा अभिनय दिसतो.

आम्लकोरणीची रीत याच्या अगदी उलट टोकाला आहे. परिपथाच्या पाटीवरील तांबे काढण्यासाठी वापरले जाणारे फेरिक क्लोराइड येथे पेटीवरच वापरले जाते. आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे छापलेले चित्र इस्त्रीने पृष्ठभागावर उतरवावयाचे, टोनरची शाई जेथे असेल तेथे धातू वाचतो, उरलेला खाल्ला जातो. ॲल्युमिनियमवर ही क्रिया तांब्यापेक्षा फार जोरकस होते. द्रावण तापते, हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात, काळा गाळ साचतो. म्हणून द्रावण पातळ करून, थोडा थोडा वेळ बुडवून, मोकळ्या हवेत हे काम करावे लागते. खोलगट भागात काळा रंग भरून वरचा पृष्ठभाग घासला की चित्र कायमचे होते. ज्या रसायनाने आतील परिपथ कोरला, त्याच रसायनाने बाहेरील अक्षरही कोरलेले असते. आतबाहेर एकच क्रिया झाल्याने या पेट्यांत जो एकजीवपणा येतो, तो रंगविलेल्या पेट्यांत क्वचितच आढळतो. कडा थोड्या खाल्ल्या गेलेल्या, रेषा थोडी फुगलेली, तरी ती चूक वाटत नाही, कारण परिपथाच्या पाटीवरील रेषाही तशाच असतात.

सर्वांत सोपी रीत साध्या मार्कर पेनाची. तिच्यात एकच धोका आहे : लाख फवारताच मार्करची शाई पसरते. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांच्या पहिल्या पेडलाचे नाव निळसर ढगात बुडालेले असते.

पुरेपणाचा निकष

अलंकरणाविषयी विसाव्या शतकाच्या आरंभी आडोल्फ लूस यांनी मांडलेली भूमिका प्रसिद्ध आहे. उपयोगाच्या वस्तूवरील अलंकार हा त्यांना श्रमाचा अपव्यय वाटे. याच्या उलट आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ मधील आपल्या 'ऑर्नमेंट' या निबंधात 'अलंकार' या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधले. 'अलम्' म्हणजे पुरेसे. अलंकार म्हणजे वस्तूला तिच्या कार्यासाठी पुरेसे करणे, सज्ज करणे. शोभा हा अर्थ मागाहून चिकटला. या अर्थाने पाहिल्यास पेटीवरील अक्षर हा अलंकारच आहे, कारण त्यावाचून वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याजोगी होत नाही. मात्र चित्रांच्या बाबतीत हा निकष कठोर होतो. कवट्या, ज्वाला, भोवऱ्यासारखी रंगवलये यांनी भरलेली शेकडो पेडले पाहिली की त्यांतील कोणते चित्र कोणत्या पेटीवर असते तरी काही बिघडले नसते, हे कळून येते. जे चित्र कोठूनही उचलून कोठेही ठेवता येते ते वस्तूला पुरे करीत नाही.

या निकषावर एक अवघड उदाहरण तपासणे उद्बोधक ठरेल. मिनिआपोलिस येथील झॅकरी वेक्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास 'फझ फॅक्टरी' हे पेडल सिद्ध केले. फझ फेसच्या वंशातीलच हा परिपथ आहे, पण त्याला पाच नॉब आहेत : व्हॉल्यूम, गेट, कॉम्प, ड्राइव्ह आणि स्टॅब. प्रत्येक पेटी चित्रकारांकडून हाताने रंगविली जात असे. हे घरगुती पेडल नव्हे, विक्रीचे आहे. तथापि घरगुती बांधणाऱ्यांच्या रंगकामावर त्याचा एवढा प्रभाव पडला की त्याला वगळता येत नाही. येथील पाचही नावे परिपथाशी प्रामाणिक आहेत. 'स्टॅब' हा स्थिरता या अर्थाच्या शब्दाचा तुकडा असून त्याने परिपथाला मिळणारा विद्युत् दाब बदलतो. परंतु हे नॉब एकमेकांवर अवलंबून आहेत. एक हलविला की दुसऱ्याचे काम बदलते, आणि काही स्थानी पेडल गिटार न वाजविताही स्वतःच किंचाळू लागते. म्हणजे नावे खरी असूनही ती वाचून काही भाकीत करता येत नाही. अशा यंत्रावर नीटनेटके, एकसारखे छापील अक्षर दिले तर ते नियंत्रणाचे खोटे आश्वासन ठरले असते. हाताने काढलेले, प्रत्येक पेटीवर थोडे निराळे असे चित्र वादकाला सुचविते की या वस्तूशी ओळख करून घ्यावी लागेल. येथे चित्र परिपथाच्या स्वभावातून आले आहे, आणि म्हणून ते पुरे करणारे आहे.

पुढे याच निर्मात्याने 'व्हेक्स्टर' या नावाची मालिका काढली. परिपथ तोच, पेटीवर हाताच्या रंगाऐवजी सिल्कस्क्रीनची छपाई, किंमत कमी. यामुळे समीक्षेला क्वचितच मिळणारी सोय झाली : दोन वस्तूंतील फरक मुख्यतः हाताच्या रंगकामाचा आहे आणि त्या फरकाला बाजाराने आकडा लावला आहे. हा आकडा नेमका कशाचा? ध्वनीचा खचित नव्हे. काही अंशी तो दुर्मिळतेचा आहे आणि काही अंशी चित्रकाराच्या श्रमाचा. वर मांडलेले विवेचन बरोबर असेल तर तो काही अंशी वादकाला मिळणाऱ्या सूचनेचाही आहे. मात्र छापील पेटी घेणाराही चार दिवसांत त्या पाच नॉबांचा लहरी स्वभाव ओळखतोच. तेव्हा हाताचे चित्र ओळखीला आरंभ करून देते, ओळख ते करून देत नाही, एवढीच मर्यादित गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येते. 'म्यूझ' या वाद्यवृंदाचे मॅथ्यू बेलमी यांनी हे पेडल आपल्या मॅन्सन गिटारच्या अंगातच बसवून घेतले. तेथे पेटी गेली, चित्र गेले, उरले ते फक्त नॉब. ज्याची ओळख पूर्ण झाली आहे अशा वादकाला पेटी नकोशी झाली, असा याचा अर्थ लावता येतो.

पेटी म्हणजे पुरावा

परिपथ उसना आणि पृष्ठभाग स्वतःचा, ही विभागणी केवळ समीक्षकाची कल्पना नाही. कायद्याच्या व्यवहारातही ती दिसते. २००५ मध्ये रोलँडने अमेरिकेत बेरिंगर या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. रोलँडच्या बॉस पेडलांसारखी पेडले बेरिंगरने काढल्याची ती तक्रार होती, पण तिचा रोख आतील परिपथावर नव्हता. पेटीचा आकार, रंग व मांडणी यांतून ग्राहकाला जी ओळख पटते, तिच्या नकलेवर तो होता. २००६ मध्ये तडजोड झाली आणि बेरिंगरच्या पेट्यांचे रूप बदलले. परिपथाचे पेटंट नसेल वा संपले असेल तर तो उतरवून घेण्यास फारशी आडकाठी नसते, नाव व रूप मात्र राखले जाते. घरी एकच नग बांधणाऱ्यावर कोणी दावा लावीत नाही, परंतु ही रेषा तोही मनाशी पाळतो. ट्यूब स्क्रीमरचा परिपथ उतरवून घेणारा पुष्कळदा पेटी हिरवी रंगवितो, कारण मूळ पेडल हिरवे आहे. तो हिरवा रंग ऋणनिर्देश असतो. नाव मात्र तो स्वतःचे घालतो.

बिल फिनेगन यांच्या 'क्लॉन सेंटॉर'ची कथा या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. १९९४ पासून सुमारे आठ हजार नग बांधले गेले. पेटी खास ओतून घेतलेली, सोनेरी वा रुपेरी, आणि पुष्कळ पेट्यांवर अर्धा मनुष्य व अर्धा घोडा असलेल्या सेंटॉरचे चित्र. आतील परिपथावर मात्र काळा राळेसारखा थर ओतलेला, जेणेकरून तो कोणाला वाचता येऊ नये. बाहेर चित्र मिरविले आणि आत लेखन झाकले. कालांतराने थर खरवडून परिपथ उलगडला गेला आणि नकला निघाल्या. या नकलांच्या पेट्यांवरील नावे व चित्रे हा एक छोटा वाङ्मयीन संवादच आहे. वॉम्प्लर कंपनीने आपल्या पेडलाला 'टमनस' असे नाव दिले. सी. एस. लुइस यांच्या नार्निया-कथांतील हा अर्धा मनुष्य व अर्धा बोकड. ज्याला मूळ ठाऊक आहे त्याला हा टोला कळतो, ज्याला ठाऊक नाही त्याला एक गोजिरवाणे नाव दिसते. परिपथ सर्वत्र जवळजवळ तोच असल्याने सगळी भाषा पृष्ठभागावर आली. खुद्द फिनेगन यांनी २०१२ मध्ये 'केटीआर' नावाने नवी आवृत्ती काढली तेव्हा पेटीवर सेंटॉरऐवजी एक वाक्य छापले. अनेकांना खटकणारा आपल्या पेडलाचा गवगवा आपण केलेला नाही, अशा आशयाचे ते निवेदन आहे. नॉबांच्या नावांपुरती असलेली जागा येथे समीक्षकांना दिलेल्या उत्तराची जागा झाली. कोणत्याही वादकाला वाजविताना त्या वाक्याचा उपयोग नाही. तरीही पुरेपणाच्या निकषावर ते टाकाऊ ठरत नाही, कारण त्या पेडलाभोवती जमलेल्या वादाशिवाय ते पेडल आता हाती येतच नाही.

झाकणाखाली

घरगुती पेडलातील एक लेखन दर्शनी भागावर नसते. चार स्क्रू काढून खालचे झाकण उघडले की त्याच्या आतल्या बाजूस पुष्कळदा बांधणाऱ्याचे नाव, तारीख, वापरलेल्या ट्रान्झिस्टरांचा क्रमांक आणि एखादी सूचना आढळते. फझ फेसच्या वंशातील पेडलांत हे विशेष उपयोगी असते. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे वर्धनांक एकाच क्रमांकाच्या दोन नगांतही सारखे नसतात आणि तापमानाप्रमाणे त्यांची वर्तणूक बदलते, म्हणून बांधणारा मोजलेले आकडे तेथे लिहून ठेवतो. हे लेखन साध्या पेनाने, घाईत, दुरुस्तीला बसणाऱ्या पुढच्या माणसासाठी केलेले असते. त्यात टंकाची निवड नसते, अंतराची काळजी नसते. पोथीच्या अखेरीस लहियाने घातलेल्या शक-तिथीच्या जवळ जाणारे असे काही या वस्तूत असेल तर ते हेच. या लेखनाचा संग्रह वा अभ्यास करावयाचा तर पेटी उघडावी लागेल. केवळ दर्शनी भागाच्या छायाचित्रांवर विसंबणारी पुस्तके याबाबत अपुरी पडतात.

दर्शनी लेखनाचे आयुष्यही लक्षात घ्यावयास हवे. पेडल पायाखाली वापरले जाते. स्विचजवळचा रंग सर्वांत आधी जातो आणि नाव बहुधा तेथेच लिहिलेले असते. नॉबांजवळची अक्षरे त्यामानाने टिकतात, कारण तेथे बोटे लागतात, बूट लागत नाहीत. काही वर्षांच्या वापरानंतर अनेक पेट्यांवर नॉबांची नावे शाबूत आणि पेडलाचे नाव अर्धे, अशी स्थिती होते. दुसऱ्याच्या हाती गेलेल्या पेटीवर नवा मालक कधी कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने स्वतःच्या सोयीचे नाव लिहितो : 'मोठा आवाज', 'एकट्याने वाजवताना', 'तिसरे गाणे'. खाली जुनी लाख, तिच्याखाली बांधणाऱ्याचे अक्षर, आणि वर ही पट्टी.